ग्रुप ट्रिपचं नियोजन सोपं करणारं अ‍ॅप डिझाइन करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मित्रमंडळी, नातेवाईक किंवा ऑफिसातले सहकारी यांच्या एकत्र प्रवासासाठी अ‍ॅप बनवू पाहणारे डिझायनर, डेव्हलपर आणि विद्यार्थी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं तांत्रिक आहेत, काहींमध्ये सरळसरळ माझं मत आहे.

मेसेजिंगचा ग्रुप असताना वेगळं अ‍ॅप कशाला?

गप्पा मारायला तो ग्रुप उत्तमच आहे. अडचण येते ती काही ठरवायची वेळ आली की. एक जण विचारतो, "१२ तारखेला निघायचं की १९?" दुसरा लिहितो, "मला दोन्ही चालेल." तिसऱ्याचा नुसता अंगठा येतो; तो १२ तारखेला की "दोन्ही चालेल"ला, हे कळायला मार्ग नाही. तेवढ्यात कोणीतरी विनोद फॉरवर्ड करतं आणि त्यावर हसण्याच्या इमोजींचा पाऊस पडतो. चौथी संध्याकाळी उगवते आणि विचारते, "मग काय ठरलं?" ठरलेलं काहीच नसतं, पण पुन्हा विचारायचा उत्साह आता कोणात उरलेला नसतो.

चॅटमध्ये सगळं वेळेच्या क्रमानं येतं आणि वर सरकत जातं. नियोजनाला मात्र तीन गोष्टी सतत समोर लागतात: काय ठरलं, काय ठरायचंय आणि ते कोणापाशी अडलंय. या तिन्हींची उत्तरं ट्रिपच्या पहिल्याच स्क्रीनवर, न स्क्रोल करता मिळाली पाहिजेत. सुंदर फोटो आणि "उरले इतके दिवस" असली सजावट त्याच्या खाली.

मग अ‍ॅपमध्येच चॅट दिलं तर?

नको. लोक आधीच जिथे बोलतात तिथेच बोलत राहतील आणि तुमचं चॅट ओस पडेल. त्यापेक्षा प्रत्येक निर्णयाखाली छोट्या टिपा लिहायची सोय द्या, आणि ठरलेली गोष्ट एका टॅपमध्ये बाहेरच्या ग्रुपवर पाठवता येईल असा नीटनेटका संदेश तयार करून द्या. "तारीख ठरली: १९ ते २२. अजून राहिलंय: मुक्काम. उत्तर द्यायची शेवटची वेळ गुरुवार रात्री." असा संदेश ग्रुपवर पडला की अ‍ॅप न उघडणाऱ्यालाही कळतं.

डिझाइन नेमकं कोणाला डोळ्यांसमोर ठेवून करायचं?

प्रत्येक ग्रुपमध्ये एक जण सगळी धावपळ करतो. बाकीचे "तू ठरव, आम्ही येतो" म्हणतात आणि ठरवल्यावर कुरकुरतात. ही धावपळ करणारी व्यक्ती तुमचा खरा ग्राहक, कारण अ‍ॅप शोधणारी आणि इतरांना ओढून आणणारी तीच असते. पण अ‍ॅप टिकणार की नाही हे ठरतं दुसऱ्या टोकाला: ज्याला कशातच फारसा रस नाही, जो आठवड्यातून एकदा लिंक उघडेल आणि दोन मिनिटांत बंद करेल, त्याच्यावर. आयोजकाला जितकी साधनं द्याल तितकी कमीच, आणि या काठावरच्या माणसाकडून जितकं कमी मागाल तितकं चांगलं. एकाच अ‍ॅपमध्ये हे दोन वेगळे अनुभव असू द्यावेत. आयोजकाला पूर्ण आराखडा दिसावा, काठावरच्याला एका वेळी एकच प्रश्न आणि दोन-तीन बटणं.

युजर रिसर्च कसा करावा?

झालेल्या ट्रिपांबद्दल विचाराच, पण फसलेल्या ट्रिपांबद्दल जास्त विचारा. "कुठवर आलं होतं आणि कशावरून बारगळलं?" या प्रश्नातून जे हाती लागतं ते "तुम्हाला अ‍ॅपमध्ये काय हवं?" असं विचारून कधीच लागत नाही. शक्य असेल तर त्यांच्या परवानगीनं जुना चॅट ग्रुप सोबत बसून वाचा. कोणत्या प्रश्नावर किती दिवस शांतता होती हे तिथे स्वच्छ दिसतं. माणसाला आठवतं वेगळंच.

चाचणीबद्दल एक सावधगिरी. ५ वापरकर्त्यांवर चाचणी केली तरी बहुतेक अडचणी उघड होतात, हा जेकब निल्सन यांनी २००० मध्ये लोकप्रिय केलेला सल्ला एकट्यानं वापरायच्या स्क्रीनसाठी ठीक आहे. इथे मात्र चाचणीचं एकक माणूस नसून ग्रुप आहे. एकमेकांना न ओळखणारी ५ माणसं एका खोलीत बसवून मतदान करायला लावलंत, तर भिडस्तपणा, रुसवेफुगवे आणि टाळाटाळ यांतलं काहीच दिसणार नाही. खरेखुरे दोन-तीन ग्रुप घ्या, त्यांची खरी ट्रिप घ्या आणि काही आठवडे लक्ष ठेवा.

अ‍ॅप डाउनलोड करायलाच लोक तयार नसतात. काय करावं?

त्यांना डाउनलोड करायला लावूच नका. निमंत्रणाची लिंक ब्राउझरमध्ये उघडावी, नाव टाकलं की उत्तर देता यावं. ना पासवर्ड, ना ओटीपी. आठ जणांच्या ग्रुपमध्ये दोघांनी जरी लॉगिनच्या पायरीवर कंटाळून सोडून दिलं, तरी आयोजकाला त्या दोघांसाठी परत चॅटवर जावं लागतं आणि सगळं मुसळ केरात.

पाहुणा म्हणून आलेल्यानं नंतर अ‍ॅप घेतलं, तर त्याची आधीची उत्तरं त्याच्याच नावावर जोडली गेली पाहिजेत. नाहीतर यादीत एकच माणूस दोनदा दिसतो आणि खर्चाची वाटणी चुकते.

लिंकसाठी आयओएसवर युनिव्हर्सल लिंक्स आणि अँड्रॉइडवर अ‍ॅप लिंक्स वापरा: अ‍ॅप असेल तर थेट त्या ट्रिपवर, नसेल तर वेब पानावर. जुन्या लेखांमध्ये गूगलच्या फायरबेस डायनॅमिक लिंक्स या सेवेची शिफारस अजून सापडते. ती सेवा ऑगस्ट २०२५ मध्ये बंद झाली आहे, तेव्हा तो रस्ता धरू नका.

तारीख ठरवण्याची स्क्रीन कशी असावी?

सर्वात जास्त ट्रिपा इथेच अडतात, म्हणून या एका स्क्रीनवर बाकी दहा फीचर्सइतका वेळ घालवला तरी तो सत्कारणी लागेल.

"कोणत्या तारखा जमतील?" असा मोकळा प्रश्न विचारू नका. आयोजकानं ट्रिप किती दिवसांची हे सांगावं, साधारण काळ द्यावा आणि अ‍ॅपनं त्यातून तीन-चार पर्याय काढून समोर ठेवावेत. प्रत्येकापुढे तीनच उत्तरं: "जमेल", "ओढूनताणून जमेल", "नाही जमणार". मधलं उत्तर फार मोलाचं आहे, कारण बहुतेकांची खरी परिस्थिती तीच असते. नुसतं हो-नाही विचारलं की ती माणसं "नाही"कडे झुकतात आणि चांगली तारीख हातची जाते.

निकाल दाखवताना नुसती बेरीज दाखवू नका. "१९ ते २२: सहा जणांना जमतंय, एकाला ओढूनताणून, एकाला नाही" असं वाक्य लिहा. आणि कोणाला जमत नाही ते आयोजकाला नावानिशी दिसू द्या. ज्याच्या वाढदिवसासाठी ट्रिप आहे त्यालाच ती तारीख जमत नसेल, तर बहुमताला काय अर्थ?

कॅलेंडर जोडण्याची सोय द्यायची असेल तर ती ऐच्छिक ठेवा, आणि त्यातून फक्त "मोकळा" किंवा "व्यग्र" एवढंच उचला. कोणाची डॉक्टरची वेळ आहे हे सगळ्या ग्रुपला कळायची गरज नाही.

ठिकाण निवडायला मतदानाची कोणती पद्धत बरी?

साधं "एकाला एक मत" ठेवलं तर गंमत होते. समजा तिघे आहेत. पहिल्याची पसंती डोंगर, समुद्र, जंगल या क्रमानं. दुसऱ्याची समुद्र, जंगल, डोंगर. तिसऱ्याची जंगल, डोंगर, समुद्र. एकेक मत दिलं तर बरोबरीच होते. मग दोन-दोन ठिकाणं समोरासमोर ठेवून पाहा: डोंगर आणि समुद्र यांत डोंगर २ विरुद्ध १ नं जिंकतो. समुद्र आणि जंगल यांत समुद्र जिंकतो. आणि जंगल व डोंगर यांत जंगल! काहीही निवडलं तरी दोघांना दुसरं काहीतरी जास्त आवडलं असतं. फ्रेंच गणितज्ञ काँदोर्से यांनी १७८५ मध्ये हा पेच मांडला, आणि केनेथ अ‍ॅरो यांनी १९५१ मध्ये दाखवून दिलं की तीन किंवा जास्त पर्याय असले की पसंतीक्रमांवरून सामूहिक निर्णय काढणारी, सगळ्या वाजवी अपेक्षा एकदम पुऱ्या करणारी पद्धत असूच शकत नाही. म्हणजे "सगळ्यात न्याय्य" पद्धतीच्या मागे धावून उपयोग नाही. सोपी आणि पटणारी शोधायची.

माझी पसंती अप्रूव्हल पद्धतीला: जे जे चालेल त्या सगळ्यांवर खूण करा, सर्वात जास्त खुणा ज्याला ते ठिकाण. समजवायला एक वाक्य पुरतं आणि टोकाच्या आवडीपेक्षा सगळ्यांना चालेल असा पर्याय वर येतो. जोडीला प्रत्येकाला एकच नकाराधिकार द्या: "इथे मी येऊ शकत नाही." कारण लिहायची सक्ती नको. उंचीची भीती, तब्येत, जुनी कटू आठवण, काहीही असू शकतं.

मतं मात्र सगळ्यांची येईपर्यंत झाकून ठेवा. जेरी हार्वी या व्यवस्थापनतज्ज्ञानं १९७४ मध्ये सांगितलेली ॲबिलीनची गोष्ट या विषयात काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवी. टेक्ससमधल्या कोलमन गावी, रणरणत्या उन्हात घरी आरामात बसलेलं कुटुंब. सासरे सहज म्हणतात, ॲबिलीनला जेवायला जाऊ. ५३ मैलांचा रस्ता, पण एकेक जण हो म्हणतो. घामाघूम होऊन परत आल्यावर उलगडा होतो की जायचं कोणालाच नव्हतं. सासऱ्यांनासुद्धा! इतर कंटाळले असतील असं वाटून त्यांनी विषय काढला होता. उघड मतदानात पहिली दोन मतं पडली की पुढची अशीच वाहत जातात.

बजेटबद्दल विचारायला संकोच वाटतो. अ‍ॅप काय करू शकतं?

खूप काही. हा एक प्रश्न माणसापेक्षा यंत्रानं विचारलेला बरा. प्रत्येकानं आपली कमाल मर्यादा गुपचूप टाकावी आणि अ‍ॅपनं कोणाचाही आकडा न दाखवता त्या मर्यादेत बसणारेच पर्याय पुढे ठेवावेत.

पण यातली फट ओळखा. "ग्रुपची मर्यादा अमुक" असं लिहिलंत की तो सर्वात कमी आकडा असतो, आणि तीन-चार जणांच्या ग्रुपमध्ये तो कोणाचा हे ओळखायला वेळ लागत नाही. म्हणून आकडा न लिहिता पर्याय गाळा, किंवा "किफायती", "मध्यम", "ऐसपैस" असे टप्पे ठेवा. आयोजकालाही वैयक्तिक आकडे दिसता कामा नयेत. आणि मर्यादा कधीही गुपचूप बदलता यावी. महिनाभरात माणसाची परिस्थिती बदलते.

लोक उत्तरच देत नाहीत. आठवण किती वेळा करावी?

आठवणींनी हा प्रश्न सुटत नाही. १९६८ मध्ये डार्ली आणि लाताने या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगांतून दाखवलं की मदतीची गरज पाहणारे जितके जास्त, तितकी प्रत्येकाला आपली जबाबदारी कमी वाटते. ते संकटप्रसंगांबद्दल होतं, पण "मुक्कामाचं कोण बघतंय?" या प्रश्नावर ग्रुपमध्ये पसरणारी शांतता त्याच जातीची. "सगळ्यांनी उत्तर द्या" हे कोणालाच उद्देशून नसतं.

म्हणून प्रत्येक प्रश्नाला तीन गोष्टी सक्तीनं जोडा. एक, नाव: हे काम कोणाचं. दोन, मुदत. तीन, मुदत संपल्यावर काय होणार ते आधीच लिहिलेलं: "गुरुवारी रात्रीपर्यंत उत्तर आलं नाही तर बहुमताची तारीख तुम्हाला चालते असं धरू." ही तिसरी गोष्ट बहुतेक अ‍ॅपमध्ये नसते आणि माझ्या मते खरी गुरुकिल्ली तीच आहे. गप्प राहण्याचा अर्थ काय हे ठरलं की एका माणसाच्या मौनापायी सगळ्यांचं भिजत घोंगडं पडत नाही, आणि आयोजकावर वाईटपणाही येत नाही, कारण नियम अ‍ॅपचा असतो.

एक अपवाद ठेवा. ज्यात पैसे गुंतलेले आहेत, तिथे मौन म्हणजे होकार कधीच धरू नका. बुकिंगसाठी प्रत्येकाचा स्पष्ट "हो" हवा.

नोटिफिकेशन?

कमी. ज्याच्या उत्तरावाचून काम अडलंय त्यालाच पाठवा. बाकीच्या घडामोडी दिवसातून एकदा एकत्र. अँड्रॉइड १३ पासून, म्हणजे २०२२ पासून, अँड्रॉइडवरही नोटिफिकेशनसाठी परवानगी मागावी लागते. आयओएसवर ती आधीपासूनच लागायची. अ‍ॅप उघडल्या उघडल्या ती मागितली की माणूस विचार न करता "नाही" दाबतो. पहिलं उत्तर देऊन झाल्यावर "तारीख ठरली की कळवू का?" असं विचारा. तिथे कारण डोळ्यांसमोर असतं.

कोणाला काय बदलता यावं?

सूचना सगळ्यांना करता याव्यात, ठरलेल्या गोष्टीचं कुलूप मात्र आयोजकाकडे किंवा त्या कामाची जबाबदारी घेतलेल्याकडे. प्रत्येक बदलाची नोंद दिसावी आणि तो मागे घेता यावा. आयोजकपद दुसऱ्याकडे सोपवायचं बटण विसरू नका. आजारपण असो की भांडण, मधेच एखाद्याला बाजूला व्हावं लागतं, आणि मग ट्रिप त्याच्या फोनमध्ये अडकून पडते.

खर्चाच्या हिशोबात काय काय सांभाळावं लागतं?

आधी एक छोटं उदाहरण. चौघे आहेत. अनिलनं सगळ्यांसाठी १२०० भरले, बेलानं सगळ्यांसाठी ६००, चेतननं फक्त स्वतःसाठी आणि दीपासाठी ३००. अनिल-बेलाच्या वाट्याला प्रत्येकी ४५० येतात, चेतन-दीपाच्या वाट्याला प्रत्येकी ६००. म्हणजे अनिलला ७५० येणं, बेलाला १५० येणं, चेतनचं ३०० देणं आणि दीपाचं ६०० देणं. बेरीज शून्य आली, हिशोब बरोबर. आता दीपानं अनिलला ६००, चेतननं अनिलला १५० आणि बेलाला १५० दिले की संपलं. तीन व्यवहार.

यात दडलेल्या गोष्टी पाहा. प्रत्येक खर्चात सगळेच सामील नसतात, म्हणून "कोणाकोणासाठी?" हा प्रश्न खर्च लिहितानाच हवा, नंतर कोणालाच आठवत नाही. सर्वात जास्त देणं असलेल्याला सर्वात जास्त येणं असलेल्याशी जोडत गेलं की व्यवहार माणसांच्या संख्येपेक्षा किमान एकानं कमीच होतात. व्यवहारांची अगदी किमान संख्या शोधणं हे संगणकशास्त्राच्या भाषेत एनपी-हार्ड आहे, म्हणजे माणसं वाढली की झटपट सोडवायची पद्धत माहीत नाही, पण दहा-बारा जणांसाठी ही साधी पद्धत पुरेशी आहे. त्यापायी डोकं खपवू नका. डोकं खपवा समजावण्यावर. चेतन म्हणेल, "मी अनिलकडून कधी उसने घेतले?" तेव्हा "हा आकडा कसा आला?" वर टॅप केल्यावर वरचा सगळा हिशोब ओळीनं उलगडला पाहिजे. हिशोबावरचा विश्वास त्या एका स्क्रीनवर उभा असतो.

तांत्रिक बाजू: रक्कम कधीही फ्लोटमध्ये (संगणक दशांश संख्या अंदाजे साठवतो तो प्रकार) साठवू नका, चलनाच्या सर्वात लहान एककात पूर्णांक म्हणून साठवा. आणि ते एकक नेहमी शंभरावा भाग असेल असं धरू नका. जपानी येनला व्यवहारात दशांश नसतो, कुवेती दिनारला तीन दशांश असतात. १०० चे तीन भाग केले की प्रत्येकी ३३.३३ आणि ०.०१ उरतो. तो कोणाच्या माथी, याचा एक ठरलेला नियम हवा, नाहीतर दोन फोनवर दोन वेगळे हिशोब दिसतील. परकीय चलनातला खर्च त्या दिवशीच्या दरानं गोठवा आणि दर हातानं बदलू द्या, कारण बँकेनं प्रत्यक्षात लावलेला दर वेगळाच असतो.

शेवटी मनाची बाजू. काही ग्रुप पै-पैचा हिशोब ठेवतात, काहींना तो क्षुद्रपणा वाटतो; ते सुरुवातीलाच काँट्री काढतात आणि एकाकडे ठेवतात. दोन्ही पद्धतींना जागा द्या.

पैशांची देवाणघेवाणही अ‍ॅपमधूनच करावी का?

सुरुवातीला तरी नाही. दुसऱ्यांचे पैसे हातात घेतले की परवाने, ओळख पडताळणी, परतावे हे सगळं मागे लागतं, आणि प्रत्येक देशाचे नियम निराळे. लोक नेहमीच्या मार्गानं पैसे देतील. तुम्ही "दिले" आणि "मिळाले" अशी दोन्ही बाजूंची नोंद ठेवा.

वेगवेगळ्या टाइम झोनचा घोळ कसा टाळायचा?

विमान, रेल्वे, मुक्काम यांच्या वेळा नेहमी त्या त्या ठिकाणच्या स्थानिक वेळेत दाखवा. साठवतानाही स्थानिक वेळ आणि झोनचं नाव ("एशिया/काठमांडू" या धर्तीचं, आयाना या संस्थेच्या टाइम झोनच्या यादीतलं) दोन्ही ठेवा. भविष्यातली वेळ फक्त यूटीसीत (जगभराच्या प्रमाण वेळेत) साठवली आणि दरम्यान एखाद्या देशानं घड्याळ पुढे-मागे करायचे नियम बदलले, तर सगळ्यांची वेळ तासाभरानं चुकेल.

झोनमधला फरक पूर्ण तासांचाच असतो असंही धरू नका. नेपाळची वेळ यूटीसीच्या ५ तास ४५ मिनिटं पुढे आहे. आणि "पोहोचण्याची वेळ निघण्याच्या वेळेनंतरची हवी" असा फॉर्ममध्ये नियम लावाल तर टोकियोहून होनोलुलूला निघालेला माणूस अडकेल. तो संध्याकाळी निघतो आणि आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडून त्याच तारखेच्या सकाळी उतरतो.

इंटरनेट नसेल तिथे काय?

प्रवासात नेमकं गरजेच्या वेळी नेटवर्क जातं. तिकिटं, मुक्कामाचा पत्ता, बुकिंग क्रमांक, सोबत्यांचे फोन नंबर आणि आजचं वेळापत्रक हे न मागता फोनवर उतरवून ठेवा. "ऑफलाइन सेव्ह करा" असं बटण दिलंत तर ते दाबायचं कोणाच्याच लक्षात राहणार नाही.

ऑफलाइन केलेले बदल नंतर जुळवताना "शेवटचा लिहील ते खरं" हा नियम टिपांना चालतो, खर्चाला अजिबात नाही. दोघांनी नेटवर्क नसताना एकेक खर्च लिहिला तर दोन्ही राहिले पाहिजेत. म्हणून खर्च ही एकच बदलती यादी न मानता प्रत्येक नोंद स्वतंत्र ठेवा, आणि दुरुस्ती हीसुद्धा एक नवी नोंदच.

नकाशांसाठी ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाचा डेटा श्रेय देऊन वापरता येतो, पण त्यांच्या सार्वजनिक सर्व्हरवरून टाइल्स (नकाशाचे चौकोनी तुकडे) घाऊक उतरवायला मनाई आहे. स्वतःचा सर्व्हर उभारा किंवा ती सोय देणारी सेवा घ्या.

सगळ्यांचं लाइव्ह लोकेशन दाखवावं का?

गर्दीत चुकामूक होते तेव्हा ते देवासारखं धावून येतं, एरवी ती पाळत वाटते. तासाभरासाठी, स्वतःहून सुरू केलेलं, आपोआप बंद होणारं एवढंच द्या. "आत्ता इथे भेटू" अशी खूण नकाशावर टाकता आली तर निम्म्या वेळा लाइव्ह लोकेशनची गरजच उरत नाही.

पासपोर्टच्या प्रती अ‍ॅपमध्ये ठेवाव्यात?

ठेवू नका. फार तर "पासपोर्टची मुदत तपासली" असा रकाना द्या. तुमच्याकडे जे नाही ते चोरीला जात नाही.

एआयनं सगळा कार्यक्रम आखून दिला तर?

पहिला मसुदा म्हणून चांगलं आहे. कोऱ्या पानासमोर बसण्यापेक्षा चुकीच्या आराखड्यावर वाद घालणं ग्रुपला सोपं जातं. पण एआय बंद पडलेलं संग्रहालय उघडं असल्याचं ठामपणे सांगतो आणि दोन ठिकाणांमधलं अंतर वीस मिनिटांत कापतो. उघडण्याच्या वेळा आणि अंतरं खऱ्या स्रोतातून तपासून घ्या, आणि न तपासलेल्या ओळीवर तसं लिहा. दर तासाला काहीतरी कोंबलेला कार्यक्रम तर देऊच नका. अर्धा दिवस मोकळा ठेवलेला आराखडाच लोक पाळतात.

ग्रुपमध्ये आजी-आजोबाही असतात. सुलभतेचं काय?

बटणं अँड्रॉइडवर किमान ४८ डीपी आणि आयओएसवर ४४ पॉइंट (स्क्रीनवरच्या मापाची त्यांची एककं) उंच-रुंद असावीत, मजकूर आणि पार्श्वभूमी यांचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, किमान ४.५:१. तारखांच्या तक्त्यात फक्त हिरवा-लाल रंग वापरू नका. खूण किंवा शब्द हवाच. फोनमधला अक्षरांचा आकार मोठा केल्यावर स्क्रीन फाटते का ते पाहा. देवनागरीत ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागतं, नाहीतर वेलांट्या आणि उकार एकमेकांत घुसतात. जी मंडळी अ‍ॅप वापरणारच नाहीत त्यांच्या वतीनं घरच्याला उत्तर देता यावं, आणि छापता येईल असा एक पानी कार्यक्रम निघावा. कागदाला चार्जिंग लागत नाही.

फ्लटर की रिअ‍ॅक्ट नेटिव्ह?

दोन्ही एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयओएस अशी दोन्ही अ‍ॅप बनवायची साधनं आहेत; तुमच्या टीमला जे येतं ते घ्या. या अ‍ॅपमध्ये कठीण भाग सिंक (सगळ्या फोनवरची माहिती जुळवणं) आणि लिंक्सचा आहे, तो दोन्हीकडे तितकाच कठीण.

कमाई कशी होणार?

अवघड प्रश्न. लोक वर्षातून मोजक्या वेळा प्रवास करतात, त्यामुळे महिन्याची वर्गणी पटत नाही आणि जाहिरातींना पुरेशी नजर मिळत नाही. गूगलसारख्या कंपनीनं २०१६ मध्ये आणलेलं ट्रिप्स अ‍ॅप २०१९ मध्ये बंद केलं, यावरून अंदाज घ्या. त्यातल्या त्यात बरा मार्ग म्हणजे एका ट्रिपसाठी एकदाच शुल्क, तेही फक्त आयोजकाकडून. सदस्यांकडून पैसे मागितले की ग्रुप फुटतो. बुकिंगवरचं कमिशन घेणार असाल तर ते कमिशन पर्यायांच्या क्रमावर परिणाम करत नाही हे स्पष्ट लिहा आणि पाळा. हॉटेल किंवा तिकिटासारख्या अ‍ॅपबाहेर वापरल्या जाणाऱ्या सेवांचे पैसे अ‍ॅपल आणि गूगलच्या इन-अ‍ॅप खरेदीतून घ्यायचे नसतात. अ‍ॅपमधल्या डिजिटल सुविधांना मात्र त्यांचे नियम लागू होतात.

अ‍ॅप यशस्वी झालं हे कशावरून ओळखायचं?

रोज किती जण अ‍ॅप उघडतात, यावरून नक्कीच नाही. ट्रिप नसताना लोक अ‍ॅप का उघडतील? पहिला प्रस्ताव ते तारीख पक्की होणं यात किती दिवस गेले, मुदतीच्या आत किती जणांनी उत्तर दिलं, आयोजकाला हातानं किती आठवणी कराव्या लागल्या, हे मोजा. आणि माझा आवडता आकडा: एका ट्रिपमध्ये नुसता सदस्य असलेला माणूस पुढच्या ट्रिपचा आयोजक झाला का?

पहिल्या आवृत्तीत किती फीचर्स ठेवावीत?

लिंकवरून सामील होणं, तारीख, ठिकाण आणि मुदतीसह प्रश्न. बस. हिशोबासाठी लोकांकडे आधीच साधनं आहेत, वेळापत्रक पहिले काही महिने साध्या टिपांमध्येही भागतं. तारीख ठरवून देणारं अ‍ॅप लोक चुका असल्या तरी वापरतील.

ट्रिप रद्द झाली किंवा कोणी मधेच गळालं तर?

हे बहुतेक जण लाँचनंतर आठवतात, म्हणून आधीच स्क्रीन काढून ठेवा. "रद्द" ही ट्रिपची एक अवस्था असावी, डिलीट नव्हे, कारण आगाऊ भरलेल्या पैशांचा हिशोब उरतोच. एक जण गळाला तर मुक्कामासारखा ठरलेला खर्च उरलेल्यांवर वाढतो, माणशी तिकीट वाढत नाही. खर्च लिहितानाच तो "एकूण" की "माणशी" हे विचारलं असेल तर नवी वाटणी अ‍ॅप स्वतः मांडू शकतं. गळालेल्याचे पैसे परत द्यायचे की नाही हे मात्र ग्रुपवर सोडा आणि त्याचं उत्तर पहिल्या बुकिंगच्या आधीच एका प्रश्नानं घेऊन ठेवा, सगळे खुशीत असतात तेव्हा.